मॅकडेव्हिडने कमी पैसे का घेतले? सॅलरी कॅप कोणी नीट समजावेल का

रात्रपाळी_मालाड:
ऑफिस मालाडला, क्लायंट टोरोंटोचा, त्यामुळे शिफ्ट संपत येते तेव्हा पहाटे एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगच्या, मॅच चालू असतात. क्लायंटशी गप्पांना विषय हवा म्हणून बघायला लागलो आणि आता सुटत नाही. अडतंय ते इथे की कॉनर मॅकडेव्हिडने ऑक्टोबर २०२५ मध्ये एडमंटन टीमशी कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवलं ते वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलरवर, म्हणजे जुन्याच पगारावर, आणि त्याच्या थोडं आधी मिनेसोटा टीमच्या काप्रिझोव्हने ८ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ७० लाख घेतले. जगातला सगळ्यात भारी प्लेअर, मग पगारवाढ नको का त्याला?

शिवाजीपार्क_कट्टा:
अरे आयपीएलची पर्स आठव. २०२५ च्या मेगा ऑक्शनला १२० कोटी होते, त्यातले ७५ मुंबईचे बुमराह, सूर्या, हार्दिक, रोहित आणि तिलकला ठेवण्यातच गेले, उरलेल्या ४५ मध्ये बाकी अख्खी टीम. तिकडेही तसंच, २०२५-२६ ला प्रत्येक टीमची पगाराची लिमिट, म्हणजेच सॅलरी कॅप, ९ कोटी ५५ लाख डॉलर. एकट्याला त्याच्या २० टक्क्यांपर्यंत देता येतात, म्हणजे तो १ कोटी ९१ लाखापर्यंत मागू शकला असता. पण २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन फायनल फ्लोरिडाकडून हरलाय, त्याला स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, हवाय. त्याने सोडलेल्या पैशात अजून एक चांगला डिफेन्समन येतो.

लालबागकर:
पर्सची तुलना अर्धीच बरोबर आहे भाऊ. आपल्याकडे पर्सचा आकडा वरून ठरून येतो, तिकडे खेळाडूंची युनियन समोर बसून भांडते. आणि ही कॅप काही प्रेमाने आलेली नाही. २००४-०५ चा अख्खा सीझन मालकांनी टाळेबंदी करून घालवला, त्या वर्षी स्टॅनली कप कोणालाच नाही. आमच्या घरात ८२ चा गिरणी संप रोज निघतो म्हणून सांगतो, संप कामगार करतो, टाळेबंदी मालक करतो, हा फरक विसरू नका. खेळाडूंना शेवटी चालू कॉन्ट्रॅक्टवर २४ टक्के कपात मान्य करावी लागली आणि पहिली कॅप आली ३ कोटी ९० लाख डॉलरची. २०१२-१३ ला परत टाळेबंदी, सीझन ४८ मॅचचा, आणि लीगच्या कमाईतला खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० वर. म्हणून मोठ्या प्लेअरने कमी घेतलं की सगळे टाळ्या वाजवतात ते मला पटत नाही, त्याने सोडलेला पैसा चाहत्यांना स्वस्त तिकिटात मिळत नाही.

रात्रपाळी_मालाड:
काका हे माहीतच नव्हतं. पण वाटा ५० टक्केच आहे हे मोजतात कसं, कॉन्ट्रॅक्ट तर आधीच ठरलेली असतात ना?

लालबागकर:
एस्क्रो. दर पगारातून काही टक्के बाजूला काढून ठेवतात, सीझन संपल्यावर कमाईचा हिशोब होतो, खेळाडूंकडे निम्म्याहून जास्त गेलं असेल तर त्या ठेवीतून मालकांना, नाहीतर परत खेळाडूला. टीडीएस कापून रिफंड येतो तसंच समज, फक्त रिफंडची खात्री नाही. कोविडमध्ये कमाई बुडाली तेव्हा कॅप तीन सीझन ८ कोटी १५ लाखावरच अडकली, ज्यांची कॉन्ट्रॅक्ट त्याच वेळी संपली त्यांचं नशीबच फिरलं. हॉकीतली कारकीर्द किती छोटी असते.

ठाणे_लोकल:
काकांचा मुद्दा मान्य, पण कॅप नसती तर एडमंटनसारखं छोटं शहर न्यूयॉर्क, टोरोंटोपुढे टिकलं असतं का? कॅपच्या पहिल्याच सीझनला, २००६ ला, एडमंटन फायनलला गेलं आणि सातव्या मॅचला हरलं. मला राग आहे तो पळवाटांचा. २०१० ला न्यू जर्सीने कोवालचुकला १७ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, शेवटची वर्षं नाममात्र पगाराची, कारण कॅपमध्ये सगळ्या वर्षांच्या पगाराची सरासरी धरतात, लीगने ते रद्द केलं. २०२१ ला टँपाचा कुचेरोव्ह अख्खा रेग्युलर सीझन दुखापतीच्या यादीत, त्यामुळे टीमला त्याच्या पगाराइतकं कॅपच्या वर जाता आलं आणि तो प्लेऑफला हजर, कप पण जिंकले. नियमात बसत होतं कारण प्लेऑफला कॅपच नव्हती. आता २०२५-२६ पासून प्लेऑफच्या प्रत्येक मॅचला खेळणाऱ्या वीस जणांचा पगार कॅपमध्ये बसवावा लागतो.

रात्रपाळी_मालाड:
म्हणजे यंदा एप्रिलमध्ये मॅचआधी लाइनअप बघताना पगार पण मांडून बघायला लागणार. शिफ्ट बदलून घेत नाही आता.