पुढचा भाग काढायचाच असेल, तर पात्रांचे वय वाढू द्या

कृष्णाकाठ (सांगली)

काल साताऱ्याच्या 'पोवई नाका' यांनी लिहिले की, अ‍ॅनिमेशनपटांचे पुढचे भाग म्हणजे पालकांच्या खिशाला लावलेली कात्री आहे आणि मूळ चित्रपटाची सर आजवर एकालाही आलेली नाही. इतके सरसकट विधान वाचल्यावर गप्प बसवले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'टॉय स्टोरी'चा पहिला भाग 1995 चा. तो उत्तमच आहे. पण कथा म्हणून पाहिले तर ते वुडी आणि बझ या दोन खेळण्यांचे भांडण आणि नंतरची दोस्ती एवढेच आहे. दुसरा भाग आधी फक्त व्हिडिओ कॅसेटसाठी काढायचा होता. पुढे तो चित्रपटगृहांसाठी करायचे ठरले आणि हाती असलेली कथा पसंत न पडल्याने शेवटच्या नऊएक महिन्यांत ती जवळपास नव्याने रचून 1999 मध्ये चित्रपट आला. म्हणजे ज्याचा जन्मच किरकोळ मालासाठी झाला होता, त्या चित्रपटाने वुडीपुढे असा पेच टाकला, जो पहिल्या भागाच्या स्वप्नातही नव्हता: संग्रहालयाच्या काचेमागे कायमचे टिकून राहायचे, की एक दिवस मोठा होऊन आपल्याला विसरणार आहे हे ठाऊक असलेल्या मुलाच्या हातात झिजायचे? जेसी ही बाहुली पलंगाखाली पडून राहते आणि वर तिची मालकीण वयात येत जाते, तो प्रसंग आठवून पाहावा.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या पुढच्या भागात काळ पुढे सरकतो तो मूळ चित्रपटाच्या तोडीचा होऊ शकतो आणि ज्यात तो थिजलेला असतो तो फसतो. 2010 च्या तिसऱ्या भागात खेळण्यांचा मालक अँडी सतरा वर्षांचा झाला आहे आणि त्याला आवाज देणारा जॉन मॉरिस तोच आहे, जो पहिल्या भागात लहान मुलगा म्हणून बोलला होता. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'च्या दुसऱ्या भागात नायक हिकप पाच वर्षांनी मोठा आहे, बाप गमावतो आणि मुखिया होतो. याउलट 'कार्स 2' मध्ये नायक बाजूला पडतो, त्याचा मित्र हेरगिरीच्या भानगडीत सापडतो, पण शेवटी कोणाच्याही आयुष्यात तसूभर फरक पडत नाही. तो फसला, हे मला मान्यच आहे.

पोवई नाका (सातारा)

आपण हांडीतले काजू वेचून घेतलेत आणि भात चांगला झाला म्हणून सांगता आहात. 1994 मध्ये 'अलादिन'चा दुसरा भाग थेट व्हिडिओवर आला, त्यात जिनीचा आवाजसुद्धा रॉबिन विल्यम्सचा नव्हता, आणि त्यानंतर डिस्नेने आपल्याच जुन्या चित्रपटांचे असे स्वस्तातले पुढचे भाग रांगेने काढले. सिंड्रेलालाही त्यांनी सोडले नाही. शेवटी 2007 च्या सुमारास त्यांचे त्यांनीच हे दुकान बंद केले. निर्मात्यालाच आपल्या मालाची लाज वाटली, तिथे आपण वकिली कशाला करता?

आणि हे जुने झाले म्हणाल, तर ताजे घ्या. 'मोआना 2' मुळात घरी बसून पाहण्याची मालिका म्हणून सुरू झाला आणि 2024 मध्ये चित्रपट म्हणून आपल्या गळ्यात मारला गेला. त्याच वर्षीच्या 'कुंग फू पांडा 4' मध्ये टायग्रेससह ज्या पाच जणांच्या जिवावर ती मालिका उभी राहिली, ते लग्नाला न येता वरातीला हजेरी लावून जावे तसे शेवटाला दिसतात. मी दोन मुलांना घेऊन गेलो होतो. धाकटा मध्यंतरातच झोपला आणि मोठ्याने बाहेर पडल्यावर 'टायग्रेस कुठे होती?' एवढाच प्रश्न विचारला.

राहता राहिला आपला नियम. 'इन्क्रेडिबल्स'चा दुसरा भाग चौदा वर्षांनी, 2018 मध्ये आला. पण कथा पहिला भाग जिथे संपला त्याच मिनिटाला सुरू होते. तान्हे बाळ तान्हेच आहे. तो चालला की फसला, ते आता आपणच सांगावे.

गावभागकर

मी या वादात सहसा पडत नाही, पण 'टॉय स्टोरी 3' चा विषय निघाला म्हणून लिहिते. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घरात छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना मुलाची खेळणी मी दारात एका बाजूला काढून ठेवली होती. लाकडी बैलगाडीची चाके फुगून आसातच बसली होती आणि कापडी हत्तीच्या पोटातून, दाबला की काळे पाणी येत होते. कचऱ्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा मुलगा एक अक्षर बोलला नाही, की रडला नाही. पुढे दिवाळीच्या सुट्टीत घरी हा चित्रपट लावला. भट्टीच्या तोंडाशी सगळी खेळणी सुटकेची आशा सोडून एकमेकांचे हात धरतात, त्या ठिकाणी तो उठून आतल्या खोलीत गेला आणि मग जो रडला तो थांबेना. पहिला भाग त्याने कितीतरी वेळा हसत-खेळत पाहिलेला आहे. कोणता भाग मोठा, हे आमच्या घरात त्या दिवशी ठरले.

विश्रामबाग

ताई, पुराचे दुःख आम्हालाही ठाऊक आहे, आमचे दुकान पाण्यातच होते. परंतु आपल्या मुलाला रडू आले यावरून चित्रपट थोर ठरत नाही. त्या वेळी जाहिरातीतले एखादे खेळणे पाहूनही तो रडला असता. इथे चर्चा चित्रपटांची चालली आहे की आठवणींची, हे एकदा ठरवून घ्यावे.

पोवई नाका (सातारा)

विश्रामबाग, मी या ताईंच्या विरुद्ध बाजूचा आहे आणि तरीही सांगतो की आपली भाषा बरी नव्हे. त्यांनी प्रसंग सांगितला, पुरावा म्हणून कोर्टात दाखल केला नाही.

मिरजेचे मास्तर

आपण सर्व जण इंग्रजी चित्रपटांबद्दल बोलता आहात. आमच्या भागातली मुले मात्र हेच चित्रपट बहुधा हिंदी आवाजात पाहतात, याकडे कोणाचे लक्षच नाही. पुढच्या भागाची मूळ भागाशी तुलना करायची, तर दोन्ही एकाच आवाजात ऐकलेले असावे लागतात. 'इन्क्रेडिबल्स' 2004 मध्ये हिंदीत 'हम हैं लाजवाब' या नावाने आला, त्यात बापाला शाहरुख खानचा आणि मुलाला त्याच्याच मुलाचा, आर्यनचा, आवाज होता. दुसऱ्या भागापर्यंत आर्यन वीस वर्षांचा झाला होता. पडद्यावरचे पोर मात्र तेवढेच. इंग्रजीतही त्या मुलाचा आवाज याच कारणाने बदलावा लागला. पोवई नाक्यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे, की काळ थांबवायला गेले तरी तो गळ्यातून फुटतोच.

माझे खरे दुखणे पुढेच आहे. 'फ्रोझन 2' हिंदीत आला, तमिळमध्ये आला, तेलुगूत आला. मराठीत का नाही? आमची नात टीव्हीवरची कार्टूने बघून जेवायला बसताना 'दादी, मुझे और चाहिए' म्हणते, आणि तिची आई ते कौतुकाने लोकांना सांगते.

विश्रामबाग

मास्तर, मराठीत आणला तर पाहायला जाणार कोण? इथले पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात आणि इंग्रजी खेळाचे तिकीट काढून वर 'हिंदीत मजा नाही' असे सोसायटीत सांगत फिरतात. वितरक धर्मादाय काम करायला बसलेले नाहीत.

मिरजेचे मास्तर

जाणार कोण, हे न आणताच कसे कळले? नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' उभे केले, तेव्हा प्रेक्षक आधी मोजून घेतले नव्हते. ज्या जिल्ह्याने रंगभूमीला इतके नट दिले, तिथे एका बाहुलीला आवाज द्यायला चार माणसे मिळणार नाहीत, असे म्हणणे आहे का आपले?

विश्रामबाग

भावे यांना प्रत्येक वादात ओढून आणायची सांगलीकरांना सवयच आहे. त्यांच्या प्रयोगाला सांगली संस्थानाच्या राजांचा आश्रय होता, हे सोयीने विसरू नये. आज आश्रय द्यायचा तर तिकीट काढून द्यावा लागतो.

गावभागकर

मी मराठीतला खेळ लागला तर नक्की जाईन, आणि आपल्यालाही तिकीट काढून देईन, विश्रामबागकाका. मात्र मध्यंतरात आपले मत विचारणार नाही.

मिरजेचे मास्तर

वहिनी, दोन तिकिटे माझ्याकडून. आपल्या पोरांना पहिला भाग हिंदी आवाजात पाठ झालेला असतो, दुसरा भाग इंग्रजीत पाहिला की पात्र तेच असूनही त्यांना परके वाटते, आणि मग घरी येऊन आपण म्हणतो की दुसऱ्या भागात दम नव्हता. एकाच आपल्या भाषेत सगळे भाग सलग मिळाले असते, तर हा धागा निम्म्याने आखूड झाला असता.

कृष्णाकाठ (सांगली)

मास्तरांचा मुद्दा रास्त आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा आहे, म्हणून मी 'इन्क्रेडिबल्स'कडे वळतो. दुसरा भाग चालला, असेच माझे मत आहे. त्यात वय वाढले नाही, पण घराची घडी उलटली: आई मोहिमेवर जाते, बाप घरी राहून गणिताच्या गृहपाठाशी आणि तान्ह्या बाळाच्या जागरणाशी झुंजतो. काळ पुढे सरकणे म्हणजे वाढदिवसाच्या मेणबत्त्या वाढणे नव्हे; पात्राला मागे फिरता येऊ नये, एवढीच अट आहे.

'श्रेक 2' घ्या ना. पहिल्या भागाचा शेवट लग्नाने झाला, आणि गोष्टीत लग्न झाले की गोष्ट संपते. दुसऱ्या भागाने विचारले की, लग्नानंतर जावई पहिल्यांदा सासरी गेल्यावर काय होते? अधिक महिन्यात जावयाला वाणाला बोलवावे आणि सासऱ्याने भरल्या ताटावर त्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढाव्यात, तसा तो जेवणाचा प्रसंग आहे. आपल्याकडे तो ज्याला कळणार नाही, त्याचे लग्न झालेले नसावे.

पोवई नाका (सातारा)

आता आपण नियमच ऐसपैस करून घेतला. आधी वय, मग घराची घडी, उद्या पडद्याचा रंग बदलला तरी काळ सरकला म्हणाल. तरीही 'श्रेक 2' आपल्या पदरात घालतो. माझे सासरे हयात आहेत, एवढेच कारण पुरे.

पण माझे उत्तर अजून बाकी आहे, आणि ते आपल्याच लाडक्या मालिकेतले आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी अँडी एकेक खेळणे बॉनी या लहान मुलीच्या हाती देतो आणि वुडीपाशी येऊन अडखळतो. तो आपला फार लाडका आहे, त्याला नीट सांभाळ, असे तिला बजावतो. त्या प्रसंगावर पडदा पडला, तेव्हा मीसुद्धा चष्मा पुसला होता. नऊ वर्षांनी चौथा भाग आला आणि पाहतो तो काय, बॉनीने वुडीला कपाटात धूळ खात टाकले आहे आणि काट्या-चमच्याला डोळे चिकटवून त्याच्याशी खेळते आहे. ज्याच्यासाठी आम्ही रडलो, ते दान फुकट गेले, हे आम्हाला पैसे देऊन दाखवले. पुढचा भाग नुसता वाईट असता तर विसरता आला असता. हा मागे जाऊन चांगल्याचीही चव बिघडवतो, आणि माझी मूळ तक्रार हीच होती.

कृष्णाकाठ (सांगली)

बॉनी पाच वर्षांची आहे, तिने आवडते खेळणे बदलले तर तो गुन्हा नव्हे. अँडीने दिलेला शब्द बॉनीवर बंधनकारक राहतो, असे मानणे मोठ्या माणसांचे आहे. त्या काट्या-चमच्यात तिने स्वतः केलेले काहीतरी आहे, म्हणून तो तिला वुडीपेक्षा जवळचा वाटतो, आणि वुडीला हे कळते तिथेच चौथा भाग सुरू होतो. शेवटी तो बझला सोडून जुनी मैत्रीण बो पीप हिच्याबरोबर राहतो, म्हणजे मालकाशिवाय जगायचे ठरवतो. दुसऱ्या भागातल्या काचेच्या कपाटाचे उत्तर त्याला वीस वर्षांनी सापडते. ऑस्कर मिळाले म्हणून मी हे म्हणत नाही. तिसऱ्यालाही मिळाले होते आणि चौथ्यालाही.

विश्रामबाग

ऑस्करचे नाव घेतलेत, तर गल्ल्याचेही घ्या. 2024 चा 'इनसाइड आउट 2' आणि 2025 चा चिनी 'ने झा 2', त्या त्या वेळी अ‍ॅनिमेशनच्या कमाईचे विक्रम करणारे हे दोन्ही चित्रपट दुसरेच भाग आहेत. लोक पुढचे भाग पाहतात म्हणून ते निघतात. आपण सर्व जण काल रात्रीपासून त्यांच्यावरच लिहीत बसला आहात, यात सगळे आले.

पोवई नाका (सातारा)

गर्दी हा दर्जाचा दाखला असता, तर सुट्टीच्या दिवशी पाचगणीचा रस्ता जगातला सर्वोत्तम रस्ता ठरला असता. तेव्हा माझा हिशेब असा: 'टॉय स्टोरी'चे दोन आणि तीन, 'श्रेक'चा दोन, ड्रॅगनचे दोन्ही पुढचे भाग मान्य. 'इन्क्रेडिबल्स' मास्तरांच्या वयाकडे पाहून मान्य. चौथा 'टॉय स्टोरी' मरेपर्यंत अमान्य, आणि कृष्णाकाठांनी त्यावर आणखी एक परिच्छेद लिहिला तर सहाही मागे घेईन.