शेतात सापडलेले गुप्तधन जाहीर करावे की नाही?

प्रश्न : मोर्शीकर_भाचा

नमस्कार. माझ्या मामांचे शेत अमरावती जिल्ह्यात, गावाच्या जुन्या पांढरीला (पूर्वीच्या वस्तीच्या जागेला) लागून आहे. संत्र्याच्या नव्या कलमांसाठी खड्डे खोदताना त्यांच्या सालगड्याच्या कुदळीला तांब्याचा गडवा लागला आणि त्यातून चांदीची नाणी निघाली. काहींवर फारसी अक्षरे आहेत. उरलेली इतकी काळवंडलेली आहेत की त्यांवर काय आहे ते कळत नाही. त्या वेळी शेतात मामा, मामी आणि सालगडी एवढीच माणसे होती. गडवा सध्या मामांच्या घरी कपाटात ठेवलेला आहे.

घरात आता एकमत होत नाही. मामेभावाला वाटते की गावातल्या बातम्यांच्या यूट्यूब वाहिनीला बोलावून सर्वांसमोर सांगावे, म्हणजे मामांचे नावही होईल आणि पुढे कोणी चोरीचा आळ घेणार नाही. मामींचे म्हणणे, ही गोष्ट शेजारच्या धुऱ्यापर्यंतही (बांधापर्यंतही) जाऊ नये, कारण गुप्तधनाची कुणकुण लागली की कोण कोण रात्री शेतात येईल याचा नेम नाही. मामा म्हणतात, जमिनीखालचे सगळे सरकारचेच असते, तेव्हा सांगितले काय आणि न सांगितले काय, आपल्या हाती काही उरणार नाही. सालगड्याला विचारले तर तो "मालक म्हणतील तसे" एवढेच उत्तर देतो.

ज्याला धन सापडले त्याने ते उघड करावे का, आणि करायचे झाल्यास कोणापुढे?

उत्तर : निवृत्त_मंडळअधिकारी

धन सापडले कोणाला, हे आधी नीट पाहा. गडवा सालगड्याच्या कुदळीला लागला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शोधणारा तो आहे आणि मामा जागेचे मालक आहेत. यूट्यूब वाहिनीसमोर कोणी बसावे याची चर्चा घरात चालली आहे, आणि ज्याचा हक्क सर्वांत मोठा असू शकतो तो माणूस मात्र दारात उभा राहून मालकाच्या तोंडाकडे पाहतो आहे.

या विषयात आजही १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे वाड्याच्या भिंतीतसुद्धा, लपवलेली कोणतीही मोलाची वस्तू त्यात येते. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल (कायद्यातला आकडा असाच आहे, हसू नका), तर शोधणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे आणि कोणत्या तारखेला, एवढे त्या अर्जात लागते. त्याबरोबर ते धन जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावे लागते, किंवा सांगितल्या वेळी हजर करण्याबद्दल जामीन द्यावा लागतो. न कळवल्यास शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि गुन्हा शाबीत झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओळख पटू नये म्हणून नाणी सराफाकडे वितळवली तरी तीच शिक्षा आहे. लपवण्यात जागामालकाची साथ असेल, तर त्याचाही वाटा जातो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे का, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो गावाला कधी कळू द्यावे याचा.

मामांचा समज खनिजांच्या बाबतीत खरा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे खाणी आणि खनिजे सरकारची असतात, पण कोणी पुरून ठेवलेला गडवा म्हणजे खनिज नव्हे. अर्ज आल्यावर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि त्या धनावर हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानच्या एखाद्या तारखेला हजर होण्यास सांगतात. हजर झालेल्यांपैकी कोणी किंवा त्याच्या पूर्वजाने ते धन गेल्या शंभर वर्षांत पुरले असावे असे चौकशीत दिसले, तर त्याला दिवाणी दाव्यासाठी मुदत मिळते. तसे काही निघाले नाही, तर धन बेवारस ठरते आणि त्याची वाटणी शोधणारा व जागामालक यांच्यात होते. दोघांत करार झालेला असेल तर त्याप्रमाणे, आणि नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला. वाटणीआधी सरकार ते धन स्वतःसाठी घेऊ शकते, पण फुकट नव्हे. धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. दुर्मीळ नाण्यांना ही रक्कम तोकडी पडते असे माझे मत आहे, तरी "हाती काहीच उरणार नाही" हे खरे नाही.

तेव्हा अर्ज सालगड्याच्या नावाने, मामांच्या सहीसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा आणि तोपर्यंत गावात ब्र काढू नये. सरकारची जाहीर सूचना निघाली की बातमी आपोआप सगळीकडे होणारच आहे, पण तोवर गडवा कोषागारात पोहोचलेला असेल आणि रात्री कपाट फोडायला येणाऱ्याला तिथे काही मिळणार नाही.

उत्तर : पांढरी_आणि_गढी

वरील माहिती नेमकी आहे, पण तीत नाण्यांचा विचार केवळ मालमत्ता म्हणून झाला आहे. वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा येथे (तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता) १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. ती नाणी पोटीन या हलक्या मिश्रधातूची होती, सराफाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. पण प्राचीन इतिहासाचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचली तेव्हा पुराणांतल्या वंशावळीत न आढळणारी काही सातवाहन राजांची नावे पुढे आली. तो साठा एखाद्या भंगारवाल्याच्या भट्टीत गेला असता, तर त्या राजांची आठवण त्याच दिवशी पुसली गेली असती.

आपल्या मामांकडील फारसी अक्षरांची नाणी पाहून ती मोगलांचीच असतील असे समजू नका. नागपूरकर भोसल्यांचे रुपयेही मोगल बादशहाच्या नावाने आणि फारसीतच पाडले जात, आणि आपल्या जवळच्या एलिचपुरालाही (आजच्या अचलपूरला) टांकसाळ होती. कोणत्या टांकसाळीची किती नाणी एका गडव्यात एकत्र आली, यावरून तो गडवा साधारण केव्हा पुरला गेला याचा अंदाज बांधता येतो. म्हणून सगळी नाणी, काळी पडलेलीसुद्धा, गडव्यासह एकत्र राहू द्या, आणि ती चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून घासू नका. मामी हौसेने हेच पहिल्यांदा करतील अशी मला भीती आहे. खड्ड्याची जागा धुऱ्यापासून मोजून लिहून ठेवा आणि गडवा किती खोल होता तेही लिहा, कारण जागेपासून तुटलेल्या नाण्याची अर्धी साक्ष गेलेली असते.

उघड करण्याविषयी मी एवढेच म्हणेन की अर्जाची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर येथील कार्यालयालाही द्यावी. बाळाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० साली गुरे चारणाऱ्या पोरांच्या हाती तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे लागले होते. ती वाच्यता वेळेवर झाली म्हणून त्यांतले काही आज नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

उत्तर : शिवार_७१

निवृत्त साहेबांच्या गुप्ततेच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. गावात तीन माणसांना माहीत असलेली गोष्ट चौथ्याला कळायला एक आठवडा पुरतो, आणि मग ती गडव्याची राहत नाही, हंड्याची होते, सात हंड्यांची होते. लोक पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला गुप्तधन दिसते असे समजून शेतात आणतात, मांडूळ साप शोधत फिरतात, अमावास्येला लिंबू कापून ठेवतात. विदर्भात गुप्तधनाच्या नावाने काय काय अघोरी प्रकार झालेले आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्याच्या बहाण्याने केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. अफवेला रोखायचे असेल, तर जे सापडले ते मोजून, तोलून, चार लोकांसमोर सांगितलेले बरे.

दुसरे असे की सगळा भरवसा एका शिक्क्यावर कसा ठेवायचा? नाणी किती होती आणि कशी होती हे फक्त कपाटाला माहीत असेल, तर पुढे एखादे कमी झाल्यावर कोणाला विचारणार? आणि यात सर्वांत उघड्यावर कोण आहे, तर शेतावरच्या खोपडीत राहणारा सालगडी. मालकाच्या घराला कुलूप आहे, त्याच्या खोपडीला ताटीचे दार आहे. धन त्याच्याजवळ नाही, हे गावाला माहीत असण्यातच त्याचा बचाव आहे.

उत्तर : निवृत्त_मंडळअधिकारी

सालगड्याविषयीचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यावर उपाय यूट्यूब वाहिनी हा नसून पंचनामा हा आहे. पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि गावातले दोन पंच यांच्यासमोर नाणी मोजावीत, वजन लिहावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याच दिवशी गडवा घेऊन कोषागाराचा रस्ता धरावा. पंचांनी रात्री चावडीवर सांगितले तरी मग हरकत नाही. तेवढी वाच्यता पुरेशी आहे. कॅमेऱ्यासमोर शेताचा गट नंबर सांगणे ही निराळी गोष्ट आहे, कारण ते चित्रण मुंबईपर्यंत पोहोचते आणि तिथून मेटल डिटेक्टर घेऊन माणसे येतात.

मोर्शीकर_भाचा

सर्वांचे आभार. हे सगळे मामांना वाचून दाखवले. तीन चतुर्थांश ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सालगड्याला आत बोलावून त्यांनी त्याला खुर्चीवर बसवले. दोघांनी अर्धा-अर्धा वाटा ठरवून लिहून ठेवावा का, याचा विचार चालू आहे. मामींची मात्र एक शंका कायम आहे. पुरातत्त्ववाल्यांना कळवल्यावर ते शेतच ताब्यात घेतील आणि संत्र्याची लागवड बंद पडेल, असे त्यांना वाटते. असे होते का?

उत्तर : पांढरी_आणि_गढी

एका गडव्यासाठी असे होत नाही. जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची झाल्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणे आधी दोन महिन्यांची जाहीर सूचना द्यावी लागते आणि मालकाच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. सभोवतालच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, पण ती अशा केंद्र-संरक्षित स्थळांभोवती असते. अधिकारी आले तर जागा पाहतील, मोजमाप घेतील आणि खापरे उचलतील. ते येऊन जाईपर्यंत त्या खड्ड्याच्या आजूबाजूच्या ओळी तेवढ्या मोकळ्या ठेवा. बाकी वावरात कलमे लावायला काहीच अडचण नाही.

उत्तर : निवृत्त_मंडळअधिकारी

अर्ध्या-अर्ध्या वाट्याचा करार सालगड्याने स्वतःच्या समजुतीने करायचा असेल, तर तो करण्यापूर्वी त्याला कायद्यातला त्याचा वाटा किती आहे ते मामांच्या घराबाहेरच्या एखाद्या माणसाकडून समजावून द्या, आणि तसे कागदावर लिहा. तालुक्याच्या विधी सेवा समितीचा वकील त्यासाठी पैसे घेत नाही.