शाफ्टमधली झुरळं आणि शेतातलं औषध: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

१०४ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. काल रात्री पाणी प्यायला उठले, लाइट लावला तर ओट्यावरून आठ-दहा झुरळं पळाली. बारीक, फिकट तपकिरी. दोनच महिन्यांपूर्वी पेस्ट कंट्रोलवाला बोलावून फवारून घेतलंय. आणखी कुणाकडं दिसतात का?

३०२ ताई: आमच्याकडं पण आहेत वहिनी. फ्रिजच्या मागं आणि ट्रॉलीत. संकोच वाटत होता म्हणून बोलले नाही. बरं झालं तुम्ही विषय काढला.

२०१ भाऊ: आमच्यात मोठी येतात, बाथरूमच्या जाळीतनं. पाऊस लागला की हमखास.

४०१ दादा: वहिनी काळजी करू नका. मेव्हणा शिरोळला हाय, त्याच्याकडं उसावर मारायचं औषध हाय लिटरभर. रविवारी घेऊन येतो म्हणालाय. पाठीवरच्या पंपानं गच्चीवरनं पाइपांच्या उभ्या शाफ्टमधे मारतो, वरनं खालपर्यंत सगळी खलास. कुणाला एक रुपया खर्च नाही.

३०२ ताई: चालेल की दादा. मी पण खिडकी उघडी ठेवते, आत पण येईल थोडं.

२०३ काका: दादा, ते आणू नका. मी आत्ता बाहेर आहे, घरी पोचलो की सविस्तर लिहितो. ताई, खिडकी उघडी ठेवणं तर अजिबात नको.

४०१ दादा: काका, गावाकडं गोठ्यात मारतोय की आम्ही. काय हुतंय त्याला?

३०४: मी व्हिडिओ बघितला, तमालपत्र, लवंग आणि कापूर ठेवायचा कोपऱ्यात. केमिकल नको असेल तर ते करूया का?

१०४ वहिनी: ते मी करून बसले बाई. ट्रॉलीला मसालेभाताचा वास येतो आणि झुरळं तमालपत्राखालीच बसलेली असतात.

२०३ काका: आलो घरी. मोठं लिहितोय, पण सगळ्यांनी वाचा अशी विनंती आहे.

मी ३१ वर्षं कृषी खात्यात काढली. फवारणी कशी करावी, डबा कसा वाचावा हेच शिकवत फिरलो. कुठल्याही कीटकनाशकाच्या डब्यावर एक तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी विषारी. दादा, मेव्हण्यांना डब्याचा फोटो पाठवायला सांगा, रंग तुम्हीच बघा.

शेतातलं औषध तीव्र असतं, एकरावर पसरायच्या हिशेबानं बनवलेलं. फवारल्यावर काही दिवस त्या पिकाला हात लावायचा नाही असा नियम असतो. आपल्या शाफ्टमधे तर चार मजल्यांच्या बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडतात. वरून मारलेलं सगळं खाली १०४ च्या ओट्यावर येऊन बसणार, आणि शाफ्टमधली हवा लवकर हलत नाही. १०४ मधे दीड वर्षाचं बाळ आहे, ते जमिनीवर रांगतं आणि हात तोंडात घालतं. आपल्यापेक्षा त्याच्या पोटात जास्त जाईल.

पूर्वी गोठ्यात, घरात ज्याच्या चार थेंबांनी माश्या पडायच्या त्या डायक्लोरव्हॉसवर सरकारनं २०२० च्या शेवटी पूर्ण बंदी घातली. अजून कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर उघडू नका आणि मोरीतही ओतू नका.

आणि एक घरातलंच सांगतो. माझ्या थोरल्या भावानं पन्हाळ्याकडच्या गावी भाताच्या पोत्यांत किड्यांसाठी गोळ्या टाकल्या होत्या. खोली बंद केली आणि पलीकडच्या खोलीत पोरं झोपली. मधे भिंत होती, पण वर कौलाखाली मोकळं. पहाटे पुतण्याला उलट्या सुरू झाल्या, छाती घट्ट झाली. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यात आणेपर्यंत त्याचे हात गार पडले होते. पोरगा वाचला, पण ते चार दिवस आमच्या घरातलं कुणी विसरलेलं नाही. त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्याला सडक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास येतो. त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीर सांभाळून धरतात. घरगुती वापरासाठी त्या विकायची परवानगीच नाही. मी स्वतः या खात्यातला, आणि भावाला हे आधी सांगितलं नव्हतं. म्हणून आज इतकं लिहितोय.

१०१ आजी: अरे देवा. माझ्या भाच्यानं मागच्या वर्षी तांदळात घालायला तसल्याच गोळ्या दिल्यात पुडीत. कपाटात आहेत अजून.

२०३ काका: आजी, हात लावू नका, पुडी उघडू नका. मी पाच मिनिटांत येतो खाली.

सेक्रेटरी: काका, मी पण येतो. आजी, नातीला त्या खोलीत जाऊ देऊ नका.

२०३ काका: बघितलं. पुडी सीलबंद होती, ओल लागली नव्हती. हवाबंद डब्यात घालून गच्चीवरच्या कुलपाच्या खोलीत ठेवलीय. सोमवारी जुन्या ऑफिसात नेऊन देतो. तोवर गच्चीवर पोरांना पाठवू नका.

३०२ ताई: वाचून अंगावर काटा आला. पण मग झुरळांचं करायचं काय?

२०३ काका: आता त्यावर येतो. वहिनींच्या ओट्यावरची बारीक झुरळं, मानेवर दोन काळपट उभ्या रेघा असलेली, ती घरातच वाढणारी जात. यांना ऊब, ओल आणि फट लागते. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर यायच्या वेळेपर्यंत पोटाला चिकटवून फिरते, एका पिशवीत ३० ते ४० अंडी. फवारा पिशवीच्या आत पोचत नाही. वरची मेली तरी पुढची पिढी दोन-तीन महिन्यांत तयार होते. म्हणून वहिनींना दोन महिन्यांनी पुन्हा दिसायला लागली. शिवाय फवाऱ्यानं जी मरत नाहीत ती पाइपाच्या कडेनं शेजारी जातात. वहिनींकडं फवारणी झाली त्याच आठवड्यात ताईंच्या फ्रिजमागं आली असतील.

३०२ ताई: हो! अगदी तेव्हापासूनच.

२०३ काका: यांच्यावर जेल वापरा. सिरिंजमधे मिळतं. वेष्टनावर फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड लिहिलेलं बघा. एका जागी ढीग घालायचा नाही, ज्वारीच्या दाण्याएवढे बारीक ठिपके, पण जास्त जागी. बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या पट्टीच्या मागं, फ्रिजच्या मोटारीजवळ, सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथं, मिक्सरच्या बुडाशी. झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही, आपल्या फटीत जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ बाकीची खातात, पिल्लं सुद्धा, आणि तीही मरतात. जेल हळू काम करतं ते यासाठीच.

एक चूक सगळे करतात. जेल लावतात आणि त्याच रात्री दिसलेल्या झुरळावर स्प्रे मारतात, किंवा सकाळी फिनेलनं पुसून काढतात. स्प्रेच्या वासानं झुरळ त्या ठिपक्याकडं फिरकत नाही. जेल लावलं की तिथं स्प्रे, झुरळांचा खडू, फिनेल काही नको. आणि रात्री ओटा कोरडा करा, खरकटी भांडी ठेवू नका, नाहीतर आमटीच्या पातेल्यापुढं जेल कोण खाणार.

३०४: काका, बोरिक पावडर, साखर आणि कणकेच्या गोळ्या? आई करायची.

२०३ काका: चालतात, खऱ्या आहेत त्या. पोटात गेली की झुरळ काही दिवसांनी मरतं. पण पोराच्या, कुत्र्या-मांजराच्या तोंडात जाणार नाही अशाच जागी. वहिनींनी करू नये. तो पांढरा खडूही त्यांच्याकडं नको, पोरांना पाटीवरचा खडूच वाटतो.

२०१ भाऊ: आणि आमची मोठी?

२०३ काका: ती तांबूस, दीड इंची, गटारातली. ती वर येतात, घरात जन्मत नाहीत. तुमचं मागचं बाथरूम बंद असतं ना? वापर नसला की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वाकड्या नळीतलं, पाणी आटतं आणि गटाराचा रस्ता उघडा पडतो. आठवड्याला दोन तांबे पाणी ओता. जाळी फुटलेली असेल तर बदला. एवढ्यानं निम्मी थांबतील.

२०१ भाऊ: हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ता जाऊन ओतलं.

१०१ आजी: लेकरांनो, मुंग्यांचं मी सांगते. गुळाची ढेप आणली की दुसऱ्या दिवशी रांग. आमच्या सासूबाई परातीत पाणी घालून मधे पाट ठेवायच्या, त्यावर गुळाचा डबा. आजपर्यंत मुंगी चढली नाही. आणि मुंग्यांची वाट साबणाच्या पाण्यानं पुसायची, नुसत्या कोरड्या फडक्यानं नाही.

२०३ काका: बरोबर आजी. मुंगी चालताना वास सोडत जाते, मागच्या त्या वासावर येतात. साबणानं तो पुसला जातो. फक्त परातीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील.

१०१ आजी: आणि धान्याला आता गोळ्या नाहीत. मे महिन्यात गच्चीवर कडक ऊन द्यायचं, गार झालं की कोरड्या डब्यात भरायचं. तूरडाळीला एरंडेलाचा हात. वाळलेला कडुनिंबाचा पाला मधे मधे. वर्षाचं एकदम भरायचं असेल तर हे कष्ट घ्यायचे, नाहीतर लक्ष्मीपुरीतनं महिन्याचं आणायचं.

३०२ ताई: रव्याला जाळी धरते त्याचं काय आजी?

२०३ काका: आणल्या आणल्या पिशवी चार-पाच दिवस फ्रीझरमधे ठेवा, अंडीसुद्धा मरतात. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत आहे आपल्याकडं, ती मात्र सोडा. खायच्या धान्याला नको.

२०२: आमच्या लॉफ्टच्या प्लायवर मातीची बारीक रेघ आलीय, भिंतीवरनं. पुसली तर परत येते.

२०३ काका: ती वाळवी. पुसू नका, रॉकेल ओतू नका. वारूळ जमिनीत असतं, ती मातीच्या बोगद्यातनं ये-जा करते. पाया आणि भिंतीत भोकं पाडून औषध सोडावं लागतं. हे एकच काम घरी करायचं नाही. माणूस बोलावाल तेव्हा आयएस ६३१३ भाग ३ प्रमाणे करणार का, एवढं विचारा. बांधून झालेल्या इमारतीसाठीचं ते मानक आहे.

४०१ दादा: काका, माझ्या गाडीची वायर उंदरानं दोनदा तोडली. त्याला तरी औषध चालतं का? 

२०३ काका: पिंजरा लावा. आत भाजलेलं खोबरं किंवा सुकट. लहान उंदराला करंगळी शिरेल एवढी फट पुरते, म्हणून पार्किंगच्या पाइपांभोवतीच्या फटी तारेचा काथ्या कोंबून सिमेंटनं बंद करायच्या. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पावाला लावून ठेवतात, ती कुणीही आणू नका. माणसाच्या पोटात गेली तर पहिला एखादा दिवस बरं वाटतं आणि मग यकृत जातं. कधी कुणाच्या पोटात काही गेलंच तर उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका. डबा सोबत घ्या, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, चोवीस तास.

सेक्रेटरी: हा नंबर लिफ्टजवळच्या बोर्डवर लावतो. काका, पार्किंगचं काम लवकर करायला हवं का? पंचगंगा नदी वाढायला लागलीय.

२०३ काका: हो. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पण गटारं त्याच्या आधीच तुंबतात आणि बिळात पाणी शिरलं की उंदीर वर येतात. २०१९ च्या पुरात पार्किंगमधे काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. पुराच्या पाण्यातून अनवाणी चालल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेलो होतो हे सांगायचं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) हा आजार होतो.

४०१ दादा: काका, मेव्हण्याला फोन केलो. डब्याचा फोटो पाठवला त्यानं, पिवळा हाय. नको आणू म्हणून सांगितलो. त्याच्या घरात ते डबं दारामागं ठेवत्यात, पोरं तिथंच खेळत्यात. ते पण हलवायला सांगितलो. बरं झालं बोललासा.

२०३ काका: दादा, फार बरं वाटलं. पंप आणायचा म्हणाला होतात ना, त्याऐवजी रविवारी सिमेंट कालवायला या.

४०१ दादा: येतो की. दोघांना घेऊन येतो.

सेक्रेटरी: मग असं ठरवतो. रविवारी सकाळी ९ ला चेंबरची झाकणं, तुटलेल्या जाळ्या आणि पार्किंगच्या फटी. जाळ्या सोसायटी खर्चातून. जेल ज्याचं त्यानं आणायचं, पण लावायचं सगळ्या १६ फ्लॅटनी रविवारी रात्रीच. एकानं आज आणि दुसऱ्यानं पंधरा दिवसांनी लावलं तर उपयोग नाही. ३०३ बंद आहे, किल्ली माझ्याकडं आहे, तिथं मी लावतो आणि ट्रॅपमधे पाणी ओततो.

३०४: पाल पण घालवायची आहे काका.

२०३ काका: तिला राहू दे. ती किडेच खाते. झुरळं कमी झाली की आपोआप कमी दिसेल.

२०३ काका: एक राहिलं. डासांसाठी आठवड्यातून एक दिवस पिंप, फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लांटची बाटली रिकामी करून कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून चालत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात.

(तीन आठवड्यांनी)

१०४ वहिनी: काल मुद्दाम रात्री १२ ला लाइट लावून बघितलं. दोनच दिसली, तीही हळू चालत होती. ट्रॉली काढली तर मागं मेलेली पडलेली.

३०२ ताई: आमच्याकडं चार दिवसांत एकही नाही.

२०३ काका: छान. मेलेली झाडून घ्या, पण ठिपके पुसू नका. सगळ्यांनी आज ठिपके तपासा. खाऊन संपलेत तिथं नवीन लावा, वाळून कडक झालेत तिथं खरवडून नवीन लावा. पिशवीतली पिल्लं आत्ता बाहेर येत असतील.

४०१ दादा: लावलो काका. गाडीखालच्या पिंजऱ्यात पण आज एक घावला.