‘पावणेदोनशे’ म्हणजे किती? त्यातला पाव कशाचा?

देवगडहून विचारणा

आमच्याकडे आंबा उतरवणं चालू आहे. परवा पडवीत पेट्या भरताना सहावीतल्या भाचीच्या हाती हिशोबाची वही दिली होती. गड्याने बागेतून हाक दिली, ‘‘पावणेदोनशे झाले!’’ तिने वहीत लिहिलं 199.75. विचारलं तर म्हणाली, ‘‘पावणे म्हणजे पाव कमी. पाव म्हणजे 0.25. दोनशेतून तेवढं वजा केलं.’’ वजाबाकी अगदी बरोबर होती. उत्तर चुकलंय हे मला कळत होतं, पण कुठे चुकलंय ते सांगता येईना.

माझी आई तिथेच आंबे निवडत होती. ती म्हणाली, ‘‘गो चेडवा, पाव खयचो?’’ मग तिने शंभर-शंभरचे दोन ढीग केले, दुसऱ्या ढिगातून पाच-पाच असे पाच वेळा आंबे उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाली, ‘‘ह्यो शंभराचो पाव.’’ उरले 175.

पोरीला ते पटलं, पण तिचा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिलाय: शब्दात शंभर कुठे लपलेत? पावणे, सव्वा, साडे हे शब्द आले कुठून, आणि मुलांना ते कसे समजावायचे?

वेंगुर्ल्याहून

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न हेच उत्तर आहे. आधी शब्द उलगडून बघू. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. गुराला चार पाय, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. त्याचाच आपला पाव झाला. ‘ऊन’ म्हणजे कमी. पाद + ऊन = पादोन, त्याचे पुढे पाऊण आणि पावणे. ‘सपाद’, म्हणजे पावासकट, त्याचा सव्वा. ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासकट, त्याचं साडे. एकोणतीस, एकोणचाळीस यांतही हाच ‘ऊन’ बसलाय: एक कमी तीस, एक कमी चाळीस. तो एकदा ओळखता आला की मुलं एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत घोटाळत नाहीत. मी हे माझ्या नातवंडांवर करून पाहिलंय.

आता शंभर कुठून आले? पुढच्या ‘शे’मधून. पाव हा दोनशेचा नव्हे आणि सुट्या एकाचाही नव्हे; ज्याने मोजतोय त्या मापाचा. मोजणी शेकड्याने असेल तर पाव म्हणजे 25, डझनाने असेल तर 3, तासाने असेल तर 15 मिनिटं. म्हणून पावणेदोनशे आंबे 175, पावणेदोन डझन आंबे 21 आणि पावणेदोन तास म्हणजे 105 मिनिटं. शब्द तोच, उत्तरं तीन. भाचीने पाव एकाचा धरला, चूक फक्त तिथे झाली.

दापोलीहून

वरच्या उत्तरात एक भर. मला सगळ्यात आवडतो तो अडीच. मूळ ‘अर्धतृतीय’: तिसरा अर्धा. म्हणजे पहिले दोन पुरे आहेत हे गृहीतच. दीडचंही तसंच, दुसरा अर्धा. आणि साडेतीनाला जुना शब्द ‘औट’, म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. ‘औटघटकेचं राज्य’ आपण अजून म्हणतो. एक घटका 24 मिनिटांची, तेव्हा त्या राज्याचं आयुष्य 84 मिनिटं! हा गुणाकार मुलांकडून करून घ्या, म्हणी कायमच्या लक्षात राहतात.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा इथे बरंच रण माजलं होतं. सोपं करण्याला माझा विरोध नाही. पण आकड्यांच्या नावांतली ही कमी-जास्तीची खूण मुलांना दाखवायची राहून जाऊ नये, एवढंच मनापासून वाटतं.

गुहागरहून

भाचीची चूक अपूर्णांकांच्या बेरजेतही डोकं वर काढते, म्हणून लिहिते. पाव अधिक अर्धा म्हटलं की मुलं वरचे अंश मिळवतात, खालचे छेदही मिळवतात आणि 2/6 लिहितात. छेद म्हणजे कापणं. एका वस्तूचे किती तुकडे कापले ते खालचा आकडा सांगतो. तो एक प्रकारे मापाचं नाव आहे. नावांची बेरीज कशी होईल?

माझ्या सासूबाईंची जुनी मापं अजून माळ्यावर आहेत: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा. मुलांसमोर एक चिपटं तांदूळ शेरात ओतले, वर एक मापटं. मग विचारलं, ‘‘सगळे तांदूळ चिपट्याने मोजले असते तर?’’ मापट्याची दोन चिपटी, आधीचं एक, एकूण तीन. तीन चिपटी म्हणजे पाऊण शेर, 3/4. समच्छेद करणं म्हणजे हेच, दोन्ही एकाच मापाने मोजणं. फक्त चिपटं शीग लावून भरू नका, हाताने सपाट करा. पहिल्यांदा मी शिगेने भरलं आणि तांदूळ जमेनात.

देवगडहून, पुन्हा

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी भाचीला विचारलं, पावणेतीन डझन किती? तिने आधी 36 लिहिले, त्यातून 3 वजा केले आणि 33 सांगितले. मग तिनेच मला विचारलं, 75 ला पाऊणशे म्हणतात, पावणेशंभर का नाही? वेंगुर्ल्याच्या उत्तरावरून मी सांगितलं ते असं: माप एकटं असेल तर ‘पाऊण’ एवढंच पुरतं, पाऊण तास, पाऊण शेर, पाऊणशे. दोन किंवा अधिक असतील तरच ‘पावणे’ लागतं आणि पुढे आकडा येतो. ती म्हणाली, ‘‘म्हणजे सव्वाशे पण तसंच, 125.’’ हे मी तिला सांगितलं नव्हतं.