घाटात गरम झाल्यावर बंद पडणारी प्रीमियर पद्मिनी: इंजिन उतरवावे का?

वाईकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या काकांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या वाईच्या घरी शेडमध्ये बरीच वर्षे उभी होती. गेल्या पावसाळ्यानंतर मी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम हाती घेतले. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकले, ऑइल बदलले, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरसह चारही चाकांची रबरी किट नवीन घातली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला आणि प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क), बॅटरी नवीन बसवली. सकाळी चोक ओढला की गाडी लगेच सुरू होते आणि गावात फिरताना काहीही तक्रार करत नाही.

अडचण पसरणी घाटात येते. दुसऱ्या गिअरवर चढण सुरू झाली की निम्म्या वाटेपर्यंत गाडी व्यवस्थित ओढते. त्यानंतर मिसिंग (अधूनमधून ठोका चुकणे) सुरू होते, झटके बसू लागतात आणि अखेर इंजिन बंद पडते. स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास बॉनेट उघडून थांबलो की काहीच झाले नव्हते अशा रीतीने सुरू होते. तापमानाचा काटा नेहमीच्या जागीच असतो आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत नाही.

एका गॅरेजमध्ये ‘रिंग-पिस्टन गेले आहेत, इंजिन उतरवून बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठे करणे) करा’ असे सांगितले. दुसरीकडे ‘एसी पंप (टाकीतले पेट्रोल ओढणारा, इंजिनवर चालणारा यांत्रिक पंप) काढून इलेक्ट्रिक पंप लावा, पेट्रोलची वाफ होते आहे’ असा सल्ला मिळाला. दोन्ही खर्च थोडेथोडके नाहीत. काकांनी सत्तरी ओलांडली आहे आणि याच गाडीने पाचगणीला जायची त्यांची फार इच्छा आहे. त्यामुळे काम घाईने नको, पण नेमके व्हावे असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फियाटवाला

इंजिन उतरवू नका, निदान एवढ्या लक्षणांवरून तरी नाही. झिजलेल्या रिंगा अर्ध्या तासात बऱ्या होत नाहीत. रिंगा गेल्या असतील तर ओढ सकाळपासूनच कमी असते, धूर दिसतो, ऑइल खाल्ले जाते आणि हे सगळे सपाट रस्त्यावरही जाणवते. जो दोष विश्रांतीनंतर नाहीसा होतो, तो बहुतेक वेळा ठिणगीचा किंवा पेट्रोलच्या पुरवठ्याचा असतो. या दोहोंपैकी कोणता, हे गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत शोधावे लागते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावा निघून गेलेला असतो आणि मग मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलत राहतो.

‘गरम झाल्यावर बंद पडते’ हे आपण गृहीत धरले आहे, पण अर्ध्या तासाच्या थांब्यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. इंजिन थंड होते हे खरे, पण त्याच वेळी टाकीतले आणि नळीतले पेट्रोल स्थिरही होते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो. चढणीवर इंजिन जास्त पेट्रोल मागते, तेव्हा गंजाचे पापुद्रे ओढले जाऊन पेट्रोल शोषणाऱ्या नळीच्या तोंडाशी जमतात. इंजिन बंद पडले की शोषण थांबते, पापुद्रे पुन्हा तळाशी बसतात आणि गाडी सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा उष्णतेचाच दोष वाटतो. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असले तरी लक्षणे हीच असतात, कारण आत हवा न शिरल्याने टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी असे करा. गाडी बंद पडताच, इतर कशालाही हात न लावता, टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा ‘स्सस्’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात आहे. आवाज आला नाही तर ठिणगी पाहा. एक जादा प्लग जवळ ठेवा, तो एका वायरीला लावून त्याचे अंग इंजिनच्या धातूला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी मिळाली तर इग्निशन तूर्त बाजूला ठेवा. पिवळसर, अशक्त ठिणगी असेल किंवा ती मुळीच नसेल तर कॉईल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी) आणि कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा) यांवर संशय धरा. कॉईलच्या आतली तार गरम झाल्यावर तुटक होणे आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळणे हा जुन्या गाड्यांचा नित्याचा आजार आहे. बंद पडलेल्या अवस्थेत कॉईलभोवती ओले फडके गुंडाळून ती थंड केल्यावर गाडी सुरू झाली, तर कॉईल बदलण्यास हरकत नाही. कंडेन्सर जात असेल तर डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीखाली पॉइंट काळे पडलेले आणि जळालेले दिसतील. पॉइंटमधील अंतरही त्याच वेळी तपासा. ते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावे लागते.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा. इंजिन थोडे निवल्यावर कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडा. कॉईलची उच्चदाबाची वायर डेल्कोतून काढून तिचे टोक धातूला पक्के जोडून ठेवा, म्हणजे उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी उडणार नाही, आणि मग स्टार्टर मारा. पंप चांगला असेल तर ठोक्याठोक्याने भरघोस धार येते. धार बारीक असेल तर दोष पंपात आहे किंवा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टाकीपासून एसी पंपापर्यंतची नळी दाबाखाली नसते, शोषणाखाली असते. तिच्या रबरी जोडाला बारीक चीर पडली असेल तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. जमिनीवर थेंब पडलेला नाही म्हणून नळी चांगली आहे असा निष्कर्ष काढू नका. आज पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करते. त्यामुळे पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घ्या.

यंत्र अभियंता, पुणे

वरच्या उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. वाफेच्या मुद्द्यावर मात्र थोडे लिहितो, कारण तो दोष खोटा नाही. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात आणि इथेनॉलच्या मिश्रणाने बाष्पदाब आणखी वाढतो. शोषणाखाली असलेल्या नळीत हे उकळणे अधिक लवकर घडते. तरीसुद्धा पद्मिनीसारख्या हजारो गाड्या मे महिन्याच्या मुंबईत दिवसभर टॅक्सी म्हणून याच यांत्रिक पंपावर चालल्या आहेत, त्यामुळे मूळ रचनेला दोष देण्याआधी ती मूळ रूपात आहे ना हे पाहावे. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड ठोकळा असतो. दुरुस्तीत तो वगळून नुसते पॅकिंग लावलेले मी अनेकदा पाहिले आहे. नळी सायलेन्सरच्या बाजूने वळवलेली नाही ना, हेही तपासा.

इलेक्ट्रिक पंप लावायचाच झाला तर तो कार्ब्युरेटरसाठीचा, दोन-तीन पीएसआय दाबाचा असावा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो. तो कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईला उचलून धरेल आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडेल.

मिश्रणाबद्दल आणखी एक मुद्दा. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे वीस टक्के मिश्रणावर जुन्या जेटचे (कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राचे) इंजिन गरजेपेक्षा पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर चालते आणि चढणीवर अधिक तापते. प्लगची टोके पांढुरकी दिसत असतील तर मुख्य जेट एक क्रमांक मोठा करून पाहा. इंजिन बंद पडण्याचे हे कारण नसावे, पण घाटातल्या ओढीत फरक जाणवेल.

इंजिनच्या प्रकृतीचा निर्णय मोजमापावर करावा. गरम इंजिनचे चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधले) अंतरही तपासून घ्या, कारण ते फार कमी झाले असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मिसिंग येते. हेड उतरवण्याची वेळ आलीच तर इंजिन पूर्ण थंड असतानाच नट सैल करा. हेड ॲल्युमिनियमचे आहे, गरम असताना उघडले तर वाकते. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर आहे. मायक्रोमीटरने मोजून झीज दाखवल्याशिवाय कुणालाही बोअरिंगची परवानगी देऊ नका.

वाईकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. घाटात गाडी बंद पडताच झाकण उघडले, आवाज आला नाही आणि गाडीही सुरू झाली नाही. ठिणगी निळी आणि जोरकस होती. बाटलीत मात्र पेट्रोलची धार अगदी बारीक आली आणि थोड्याच वेळात थांबली. पंपाकडे येणारी नळी सोडून हातपंपाने टाकीच्या दिशेने हवा मारली, तेव्हा टाकीत बुडबुड्यांचा आवाज झाला. नळी पुन्हा जोडल्यावर, इंजिन तितकेच गरम असताना, धार भरघोस येऊ लागली आणि गाडी पाचगणीपर्यंत न थांबता चढली. पंपाच्या जाळीत तपकिरी कीस सापडला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळपास सारखे आहे. आता टाकी स्वच्छ कशी करावी?

जुना फियाटवाला

म्हणजे उष्णतेचा प्रश्न निकाली निघाला आणि इंजिन वाचले, याचा फार आनंद झाला.

टाकी गाडीवर ठेवून धुऊ नका, उतरवा. गेज युनिट (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) काढून आत विजेरीने पाहा. पत्रा जाड आणि खणखणीत असेल तर मूठ-दोन मूठ बारीक साखळी किंवा स्वच्छ खडी आणि साबणाचे गरम पाणी घालून सगळ्या बाजूंनी हलवा. पाण्यात पापुद्रे येणे थांबेपर्यंत हे करत राहा. उरलेल्या गंजासाठी सायट्रिक ॲसिडचे द्रावण रात्रभर ठेवा, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा आणि गरम हवेने तातडीने कोरडी करा, नाहीतर तासाभरात पुन्हा गंज धरेल. आतून लेप देणार असाल तर तो इथेनॉलला टिकणारा आहे याची खात्री करून घ्या. साधा लेप काही महिन्यांत सुटून त्याचेच पापुद्रे नळीत जातात.

धातूची मुख्य नळीही दोन्ही टोकांनी सोडून हवेने साफ करा आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा. सुरुवातीला प्रत्येक लांब फेरीनंतर तो पाहा, कारण राहिलेला कीस इथेनॉल हळूहळू सोडवत राहते.

टाकीला कुठे छिद्र आढळले तर घरी डाग देण्याचा (सोल्डरिंगचा) प्रयत्न करू नका. रिकामी दिसणारी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. हे काम रेडिएटर-टाकी दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच द्या आणि त्याने ती आधी पाण्याच्या वाफेने धुतली आहे की नाही, हे स्वतः उभे राहून पाहा.