पट्टीवरची चाचणी हा निकाल नव्हे

रसायनी : “प्रयोगशाळेने पॉझिटिव्ह म्हटले की विषय संपला; यंत्र खोटे बोलत नाही, आरोपी बोलतो,” हे रोखठोक यांचे विधान वाचून राहवले नाही. लघवीत अमली पदार्थ शोधणारी पट्टीवरची चाचणी ही केवळ चाळणी असते. तिच्यातील प्रतिपिंडे (ठरावीक रेणूंना चिकटणारी प्रथिने) रेणूची ढोबळ ठेवण ओळखतात, त्यामुळे सर्दीच्या गोळीतील स्यूडोइफेड्रिनही कधीकधी ॲम्फेटामाइन हा उत्तेजक अमली पदार्थ म्हणून गणले जाते. ओळख पक्की होते ती मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचे तुकडे करून ते वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर. तेथे रेणू घटक वेगळे करणाऱ्या नळीतून ठरल्या वेळी बाहेर पडावा लागतो आणि त्याच्या तुकड्यांचे परस्पर प्रमाणही ज्ञात नमुन्याशी जुळावे लागते.

रोखठोक : म्हणजे शेवटी निकाल यंत्रानेच दिला. माझेच म्हणणे आपण पाल्हाळ लावून मांडलेत.

पोळलेला : त्या पट्टीवर रेघ न उमटणे म्हणजे पॉझिटिव्ह, हे मला नोकरी नाकारली गेल्यावर समजले. पक्की चाचणी मागितली, तेव्हा नमुना फेकून दिल्याचे सांगण्यात आले. आता आपले सत्यवचनी यंत्र काय तपासणार?

रोखठोक : सहानुभूती आहे, पण पकडला गेलेला प्रत्येक जण खसखस खाल्ल्याचेच सांगतो.

रसायनी : ती नेहमीच सबब नसते. दाण्यांना अफूचा चीक लागलेला असतो, त्यामुळे हेरॉइन घेतल्यावर सापडते तेच खरेखुरे मॉर्फिन लघवीत येते आणि मास स्पेक्ट्रोमीटरही ते मॉर्फिनच असल्याचे सांगतो. याच कारणाने अमेरिकेच्या संघराज्य सरकारने कर्मचारी तपासणीतील पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली.

रोखठोक : वा! म्हणजे हेरॉइन घेणाऱ्यांना खसखशीची आयती ढाल मिळाली.

रसायनी : उपहास करण्यापूर्वी थोडे वाचावे. हेरॉइनपासून शरीरात ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन तयार होते, ते खसखशीतून येत नाही. ते लघवीत फार काळ टिकत नाही, एवढा आपल्या बाजूचा मुद्दा नाइलाजाने मान्य करते.

पोळलेला : खसखस पुरे. मॅसॅच्युसेट्समधील ॲनी डुकन या रसायनतज्ज्ञ महिलेने अनेक नमुने चाचणी न करता, नुसते पाहून ओळखले होते. २०१७ मध्ये तिच्याशी संबंधित एकवीस हजारांहून अधिक खटले रद्द झाले. तेथे यंत्र खोटे बोलले नाही, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते.

रोखठोक : बरे, यंत्रासोबत ते चालवणाराही प्रामाणिक हवा, हे मान्य, पण एका लबाड बाईमुळे सगळ्याच प्रयोगशाळांवर संशय घेणार का?

पोळलेला : संशय नको, नमुन्याची दुसरी सीलबंद बाटली हवी, आणि ती निकालावरची हरकत निकाली निघेपर्यंत गोठवून ठेवलेली हवी.