मदत हवी आहे: 12 फुटी अ‍ॅल्युमिनियम होडी, 15 एचपी आउटबोर्ड, दोघं बसलो की पळतच नाही

खाडीकाठी:

मंडळी, नमस्कार. आउटबोर्डवाले कोणी असतील तर जरा लक्ष घाला.

विजयदुर्गच्या खाडीत आमची घरची अ‍ॅल्युमिनियमची होडी आहे. लांबी 12 फूट, पुढे व्ही आकार, मागे तळ जवळजवळ सपाट. त्यावर सेकंडहँड 15 एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, हातात मूठ धरून चालवायचं. पर्यटक वगैरे नेत नाही. मी आणि आतेभाऊ गळ घेऊन जिताडा-तांबोशीच्या मागे फिरतो, एवढंच.

एकटा असलो तर होडी पाण्यावर उठते आणि 13 नॉटपर्यंत जाते. आतेभाऊ बसला की नाळ आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात, आणि वेग 7 नॉट. मूठ पुरती पिळली तरी तेवढाच. मागे लाट मात्र अशी उठते की काठावरच्या होड्या हलतात आणि लोक शिव्या घालतात. पेट्रोलचं तर विचारूच नका.

शर्यत लावायची नाही. पण फेब्रुवारी ते मे दुपारी वायव्येचा वारा धरला की खाडीच्या तोंडाशी पाणी उसळायला लागतं. त्याआधी आत यायचं म्हणजे 7 नॉटने निम्मा दिवस येण्या-जाण्यात जातो.

आकडे देतो. वेग मोबाईलच्या जीपीएसवर, भरतीच्या ओढीबरोबर एकदा आणि विरुद्ध एकदा, मग सरासरी. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा टॅकोमीटर मित्राकडून आणला होता: एकटा असताना 4900 आरपीएम, दोघं असताना 4300. मॅन्युअलात फुल थ्रॉटलला 4500 ते 5500 दिलंय. पंख्यावर पिच 9 कोरलेला आहे, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात 9 इंच पुढे. गिअर रेशो 2.08.

एका मेकॅनिकने सांगितलं, हेड घासून देतो, मग बघा कसं पळतं. दुसऱ्याचं म्हणणं, सरळ 25 एचपी लावा. होडीवरच्या पट्टीवर कमाल 15 एचपी लिहिलंय. चार पात्यांचा पंखा लावूनही फरक पडतो म्हणतात. पैसे एकदाच घालायचे आहेत, तर कुठे घालू?

नटबोल्ट:

आकडे दिलेत हे बरं केलंत. नाहीतर इथे "होडी स्लो आहे, उपाय सांगा" एवढंच लिहितात.

आधी गणित. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले 1215, म्हणजे पंखा अजिबात न घसरता किती नॉट जाईल ते येतं. दोघं असताना 4300 × 9 ÷ 2.08 ÷ 1215 = साधारण 15.3 नॉट. तुम्हाला मिळतात 7. म्हणजे निम्म्याहून जास्त घसरण. पाण्यावर नीट उठलेल्या अशा हलक्या होडीला 15 ते 20 टक्के घसरण धरतात. एकटे असताना तुमची 26 टक्क्यांच्या आसपास येते, तीही जास्तच. तेव्हा गडबड दोघांच्या वजनापुरती नाही, एकटे असतानाही आहे. फक्त तेव्हा होडी ती सोसते.

7 नॉटवर अडकण्याचं कारणही सांगतो. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ, गुणिले 1.34. तुमची 11 फूट धरा, 4.4 नॉट येतात. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. चढून पलीकडे गेली की सुटते, एकदम हलकी होते. तुमची चढावरच लटकली आहे. सगळी ताकद ती मोठी लाट उठवण्यात जाते.

हेड घासू देऊ नका. जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवून समुद्रात नेणं म्हणजे परत वल्हवत येण्याची तयारी. आणि 25 एचपी पट्टीच्या बाहेर आहे, विषय संपला. ते वजनालाही जास्त, म्हणजे मागची बाजू आणखी खाली.

आता दोन गोष्टी सांगा. ट्रान्समची, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या उभ्या फळीची, उंची किती? आणि कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी, होडीच्या तळापेक्षा किती खाली येते? होडी वाळूवर घ्या, इंजिन सरळ उभं करा, तळाला लांब सरळ पट्टी लावून ती मागे काढा आणि मोजा. अंदाजाने सांगू नका.

मालवणी गळ:

इंजिन बदलूक पैसे घालू नको रे बाबा. आधी होडयेत काय काय आसा ता सांग. फळयेखाली थर्माकोल घातलंस काय?

खाडीकाठी:

मोजलं. ट्रान्सम 15 इंच. कॅव्हिटेशन प्लेट तळापेक्षा पावणेपाच इंच खाली आहे! इंजिनावरचं स्टिकर पुसट झालंय, पण शाफ्ट बहुधा लाँग आहे.

@मालवणी गळ, होडीचा सांगाडा साधारण 75 किलो. इंजिन 38. आम्ही दोघं मिळून 150. पेट्रोलची 20 लिटरची टाकी भरून 18. फिशफाइंडरची बॅटरी 18, बर्फाची पेटी 25, नांगर-दोर 10. शिवाय उभं राहून गळ टाकता यावा म्हणून 12 मिमीच्या प्लायची फळी बसवली आहे, ती 25 भरेल. फळीखाली फोम आधीपासूनच आहे. टाकी, बॅटरी आणि पेटी तिन्ही मागच्या बाकाजवळ, हाताशी असावं म्हणून.

नटबोल्ट:

हे पाहा. लाँग शाफ्ट म्हणजे 20 इंची ट्रान्समचं इंजिन, तुम्ही 15 इंचीवर टांगलंय. पाच इंच जास्तीचा पाय तुम्ही पाण्यातून ओढत फिरता. पायाचा वरचा जाड भाग पाण्यात राहतो, पाणी अडवतो आणि वर फवारा उडवतो. मागे बसणाऱ्याची पँट कायम भिजते ना?

इंजिन वर घ्यायचं. ट्रान्समवर साडेचार-पाच इंचांचा उंचवटा बसवा. जाड अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल वेल्ड करून घेतला तर उत्तम, सागवानी ठोकळाही चालतो. हिरवट रंगाचं, औषध पाजलेलं लाकूड मात्र अ‍ॅल्युमिनियमला लावू नका. त्या औषधात तांबं असतं. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, नायलॉनचे वॉशर आणि सीलंट लावून, म्हणजे धातूला धातू भिडणार नाही. आतून रुंद पट्टी द्या. इंजिन वर गेलं की ट्रान्समवर जोर जास्त पडतो, नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर राहू नका. इंजिनाला वेगळी साखळी हवीच.

आधी प्लेट तळाच्या पातळीत आणा. मग अर्धा-अर्धा इंच वर घेत जा. एक वेळ अशी येईल की जोरात वळताना पंखा हवा खेचतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी थबकते. तिथून एक पायरी खाली या, ती तुमची जागा. प्रत्येक वेळी मागच्या भोकातून पाण्याची धार येते का ते बघा. इंजिन फार वर गेलं तर पंपाला पाणी मिळत नाही, आणि इंजिन तापून धरतं.

हे होईपर्यंत पंखा घेऊ नका. आता घेतलात तर चुकीच्या उंचीसाठी घेतलेला ठरेल.

मालवणी गळ:

आता मराठीतच लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक कळलं नाही म्हणतील.

तुझी बेरीज 359 किलो होते. 15 एचपीला एका एचपीमागे 24 किलो आले. उठायला एचपीमागे 20 ते 25 किलो चालतात, म्हणजे तू कडेवर आहेस. वर इंजिन, टाकी, बॅटरी आणि पेटी मिळून 99 किलो... थांब, तुला धरलं तर 170 च्या वर जातं, आणि हे सगळं मागच्या तीन फुटांत! नाळ वर जाणार नाही तर काय होणार?

पेटी आणि बॅटरी मधल्या बाकाच्या पुढे ने. टाकीला लांब होज लाव आणि तीही पुढे घे. मुठीला एक्स्टेन्शन दांडा मिळतो, तो लावलास की तूसुद्धा फूट-दीड फूट पुढे बसू शकतोस. दांडा लावलास तर किल-स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद पडतं ती) मनगटाला बांधायला विसरू नकोस. दांड्यावरून हात सुटला तर इंजिन आपोआप वळतं आणि माणूस बाहेर.

आणि ती फळी उचल. मी थर्माकोल विचारलं ते उगाच नाही. जुना फोम पाणी पितो. वरून कोरडा दिसतो, पण चाकूने तुकडा कापून पिळलास तर कळेल. ओला निघाला तर तुझ्या बेरजेत नसलेले किती किलो तू फिरवतोयस देव जाणे. काढलास तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, नवीन फोम भर, रिकामं ठेवू नको. होडी भरली तर तोच तरंगवतो.

सुकती:

वाचते आहे. दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

एक, तळ. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर काढून तळ घासतात. तुमची होडी कायम पाण्यात असते का? महिनाभर खाडीत उभी राहिली तरी शेवाळ आणि बारीक शंख चिकटतात, आणि सपाट तळाला एवढंही पुरतं. रंग लावणार असाल तर दुकानदार तांब्याचा अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शंख धरू न देणारा रंग, देईल. लाकडी आणि फायबरच्या होडीला तो ठीक, अ‍ॅल्युमिनियमला नाही. वर लाकडाबद्दल लिहिलंय तेच कारण. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा मिळतो, नाहीतर काम झालं की होडी वाळूवर ओढा. इंजिनावरचा झिंकचा तुकडा अर्धा झिजला असेल तर बदलून टाका.

दोन, पंख्याचा रबरी बुश. जुन्या इंजिनात तो आतल्या आत फिरतो. इंजिन फिरतं, पंखा पूर्ण फिरत नाही, आणि घसरणीचा आकडा असाच फुगतो. पंख्याच्या आतल्या गोलावर आणि बाहेरच्या भागावर पेंटची एक सरळ रेघ ओढा. एक चक्कर मारून या आणि बघा. रेघ तुटली असेल तर बुश गेला. खडपावर कधी घासला असेल तर पात्यांच्या कडाही हाताने तपासा.

नटबोल्ट:

@सुकती, रेघेची युक्ती झकास. अजून एक, थ्रॉटल पूर्ण उघडतो का बघा. इंजिन बंद करून कव्हर काढा, मूठ पुरती पिळा आणि कार्ब्युरेटरचं फुलपाखरू आडवं होतं का ते बोट लावून बघा. केबल सैल पडली की ते तीन चतुर्थांशच उघडतं. तेल टीसी-डब्ल्यू3, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोकचं असू द्या, स्कूटरचं नको. पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1, म्हणजे 20 लिटरला 400 मिली. "थोडं जास्त घातलेलं बरं" म्हणून ओतत राहिलात तर प्लगवर काजळी धरते. आणि हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने टाकीत ठेवू नका.

खाडीकाठी:

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, कारण वेल्डरने ये उद्या, ये परवा करत दमवलं.

बुशची रेघ जागेवर राहिली, थ्रॉटल पूर्ण उघडतो. तळ स्वच्छ होता, होडी आम्ही ओढूनच ठेवतो. फळी उचलली तर मधला फोम कोरडा, मागचा मात्र स्पंजासारखा. कापून बादलीत टाकला तर बादली भरून वाहायला लागावी इतकं पाणी त्यातून निघालं. तो काढून नवीन भरला.

इंजिन वर घेतलं. प्लेट आता तळापेक्षा अर्धा इंच वर आहे, पाण्याची धार व्यवस्थित. पेटी, बॅटरी आणि टाकी पुढे गेली. दोघं असताना होडी उठते, तीही पटकन! 5200 आरपीएम आणि सरासरी 15.5 नॉट. घसरण 16 टक्क्यांच्या आसपास. आतेभाऊ म्हणतो, मला आता कोणी जाड म्हणायचं नाही.

एक नवीन कटकट आहे. सपाट पाण्यावर पूर्ण वेगात नाळ धप-धप वरखाली होते, घोड्यावर बसल्यासारखं. आणि आता 8 पिचचा पंखा घेऊ का?

मालवणी गळ:

ट्रिमची पिन एक भोक आत घे, इंजिनाचा पाय ट्रान्समकडे येईल आणि नाळ दाबली जाईल. तरी राहिलं तर टाकी आणखी पुढे सरकव. एक भोक पुरेल असं वाटतं. जास्त आत घेतलीस तर नाळ पाण्यात रुतते आणि वळताना होडी दगा देते, तेव्हा एकेक भोक करून बघ.

नटबोल्ट:

5200 तुमच्या रेंजच्या आत आहे, म्हणून 9 चाच पंखा ठेवा. पिच एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात; म्हणजे दोघं असताना 5400 च्या आसपास, पण एकटे असताना इंजिन 5500 च्या वर जाईल. तिसरा माणूस किंवा जास्त बर्फ नेणार असाल त्या दिवसापुरता 8 कामाचा. चार पात्यांचा लवकर उठवतो, वरचा वेग थोडा खातो. तुम्हाला गरज नाही.

पैसे घालायचेच असतील तर हाच पंखा एक जादा घेऊन होडीत ठेवा, सोबत कॉटर पिन आणि पाना. विजयदुर्गच्या बाहेर खडप कमी नाहीत.